कच्च्या लिंबाचा डाव

खेळांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी साहजिकच विजेत्यांवर खिळलेली असते. कोणी किती धावा काढल्या, कोणत्या संघाने कोणाची ढाल हिरावून घेतली, कोणत्या तालमीतून कोणता मल्ल बाहेर पडला, याच्या याद्या करण्यातच इतिहासकाराची बहुतेक शाई खर्च होते. जो हरला त्याचेही नाव, विजेत्याचे माहात्म्य वाढविण्यापुरते का होईना, त्या यादीच्या शेजारी उमटते. परंतु आपल्या मुलांच्या खेळांत एक गडी असा आहे की, तो जिंकतही नाही व हरतही नाही. आणि म्हणूनच त्याचे नाव कोणत्याही बखरीत सापडत नाही. मराठी मुलांनी त्याला 'कच्चा लिंबू' असे नाव दिले आहे. या गड्याचा, आणि विशेषेकरून ज्याला जन्मभर कच्चा लिंबूच राहावे लागले अशा मंदबुद्धी माणसाचा, क्रीडांगणावरील इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम शब्दांविषयी दोन शब्द. जडबुद्धी, मूढ, मंदबुद्धी, मतिमंद ही नावे एकामागून एक प्रचारात आली आणि एकामागून एक शिवीप्रमाणे वापरली जाऊन निरुपयोगी झाली. आज कायद्याच्या भाषेत 'बौद्धिक दिव्यांग' असे म्हणतात. इतिहास सांगताना जुने शब्द टाळता येत नाहीत. परंतु ज्या माणसाविषयी आपण बोलत आहो तो रोगी नव्हे आणि वेडाही नव्हे, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात ठेवावे. त्याची समज सावकाश वाढते आणि एका मर्यादेशी थांबते, एवढाच त्याच्यात व इतरांत भेद. धावण्याची हौस, जिंकण्याचा आनंद आणि हरल्याचे दुःख यांत त्याच्याकडे काही उणे असते, असे कोणी सिद्ध केलेले नाही.

आता कच्चा लिंबू. ठाकूरद्वारच्या आसपासच्या झावबाची वाडी, फणसवाडी, मुगभाट, कांदेवाडी इत्यादी वाड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना या संस्थेची ओळख करून देण्याचे कारण नाही, इतरांसाठी सांगतो. लगोरी, लंगडी, डबा ऐसपैस असा एखादा डाव मांडला जातो, गडी वाटले जातात, आणि इतक्यात कोणाचा तरी धाकटा भाऊ रडत येतो. 'त्यालाही घ्या रे,' असा गॅलरीतून आईचा हुकूम सुटतो. त्याला घेतले तर डाव बिघडतो, न घेतले तर घरी मार बसतो. या पेचातून मुलांनी काढलेली तोड मोठमोठ्या मुत्सद्द्यांनी वाखाणावी अशी आहे. धाकट्याने धावावे, लपावे, ओरडावे. पण तो पकडला गेला तरी बाद होत नाही, आणि त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कोणत्या पुस्तकात छापलेला नाही, कोणत्या मंडळाने संमत केलेला नाही. तरी पिढ्यानुपिढ्या तो एका अंगणातून दुसऱ्या अंगणात पोहोचत आला आहे.

सामान्य मुलाच्या आयुष्यात ही अवस्था एक-दोन वर्षांची असते. पुढल्या सुट्टीपर्यंत त्याचे पाय बळकट होतात आणि एके दिवशी तो मोठ्या तोऱ्याने 'आज मी पक्का' म्हणून जाहीर करतो. पण वाडीतील एखाद्या मुलाचे वय वाढले तरी कच्चेपण सरत नसे. त्याच्या मागून आलेला धाकटा भाऊ पक्का होई, त्या भावाचे सोबती पक्के होत, आणि हा मात्र तसाच राही. पुढे सोळा-सतरा वर्षांचा दांडगा मुलगा लहान पोरांत खेळतो याची त्या पोरांच्या आयांना भीती वाटू लागे, आणि तो हळूहळू अंगणातून ओट्यावर येऊन बसे. तेथून त्याने दुसऱ्यांचे डाव पाहावे, कोणाचे दप्तर सांभाळावे, गटारात गेलेला चेंडू काढून द्यावा. पुढे बरोबरीच्या मुलांची मुले खेळू लागत आणि हा त्यांचेही चेंडू काढून देई. गिरगावातील वाड्या आमच्या पिढीने पाहिल्या आहेत, आणि अशा ओट्यावरच्या माणसाची आठवण नसलेली वाडी आम्हास तरी माहीत नाही.

या व्यवस्थेचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. सर्व वाडी त्याला नावाने ओळखत असे. तो चुकून नाक्यापर्यंत गेला तर वाण्यापासून टांगेवाल्यापर्यंत कोणीही त्याला हाताला धरून परत आणून सोडी. ज्या काळी युरोपात अशा माणसांना गावाबाहेरच्या भिंतींआड कोंडण्यात सुधारणा मानली जात होती, त्या काळी आपल्या वाड्यांनी त्याला ओट्यावर जागा दिली, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि तीत दोन उणिवा होत्या. पहिली ही की, ही जागा दयेवर अवलंबून होती. आई गॅलरीत असेपर्यंत ती टिके. दुसरी उणीव अधिक खोल आहे. ज्याला बाद होता येत नाही आणि ज्याच्यावर राज्य येत नाही, तो खेळात असूनही खेळत नसतो. हरण्याची भीती काढून टाकली की खेळाचा जीवच गेला. कच्च्या लिंबाला आपण प्रवेश दिला, पण गणतीत घेतले नाही.

प्रवेश मिळणे आणि गणतीत येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुंबईच्या क्रीडेतिहासाने फार पूर्वी शिकविले आहे. आणि तो धडा पाहण्यास ठाकूरद्वारच्या रहिवाशाला फार लांब जावे लागत नाही. नाक्यावरून पश्चिमेस चालत निघून रेल्वेचे रूळ ओलांडले की समुद्राच्या अंगाला पारशी, इस्लाम व हिंदू या जिमखान्यांची मैदाने लागतात. ही मैदाने सहजी मिळालेली नाहीत. १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना केवळ गोऱ्यांसाठी होता. ज्या एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी व हिंदू मुले क्रिकेट खेळत, तेथेच साहेब लोक पोलो खेळू लागले आणि घोड्यांच्या टापांनी जमीन उखडून गेली. तेव्हा १८८० नंतरच्या वर्षांत एतद्देशीय खेळाडूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. या झगड्याची हकीकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकरूपाने लिहून ठेवली आहे. त्या अर्जांचा परिणाम म्हणून आणि पुढे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या कारकिर्दीत केनेडी सी-फेसवरील जमीन जमातवार वाटली गेली. खेळण्याची जागा मिळाली. पण प्रत्येकास आपापल्या कुंपणात.

त्याच काळात पाळवणकर बाळूंचे उदाहरण घडले. चांभार जातीत जन्मलेल्या या डावखुऱ्या गोलंदाजाला पुण्याच्या हिंदू संघाने घेतले ते साहेबांना हरविण्यासाठी. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चालत असे, पण चहाच्या वेळी त्यांच्यासाठी मातीचा निराळा पेला असे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस १९२३ साली मिळाले. बाळूंना प्रवेश होता, आणि मैदानापुरती गणतीही होती. मैदानाच्या कडेला मात्र नव्हती. अशा प्रकारे वर्णाचा, धर्माचा आणि जातीचा असे तीन अडसर मुंबईच्या मैदानांवरून कमीअधिक प्रमाणात हटत गेले. प्रत्येक वेळी अडविलेल्यांनी अर्ज लिहिले, सभा भरविल्या, किंवा आपल्या कर्तबगारीने अडविणाऱ्यांना लाजविले. ओट्यावरचा माणूस यांपैकी काहीही करू शकत नव्हता. त्याला अर्ज लिहिता येत नव्हता, आणि कर्तबगारी दाखविण्यासाठी त्याला आधी डावात घ्यावे लागले असते.

सरकारने त्याची गणती केली नाही असे मात्र नाही. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या खानेसुमारीत आंधळे, मुके-बहिरे, महारोगी आणि बुद्धिभ्रष्ट यांची मोजदाद होत असे. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्याने वेड्याची व्याख्या करताना भ्रमिष्ट आणि जडबुद्धी या दोघांना एकाच शब्दात बांधले. रोगाने ज्याचे चित्त ढळले तो आणि ज्याची समज मुळातच सावकाश आहे तो, यांतील भेद कायद्याला दिसला नाही. आणि ही चूक १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दुरुस्त होईपर्यंत पाऊण शतक गेले. वाडीने त्याला प्रवेश दिला पण गणती दिली नाही. सरकारने गणती केली पण प्रवेश कोठेच दिला नाही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात दोन प्रवाह महाराष्ट्रात शेजारी शेजारी वाहताना दिसतात. एक बुद्धिमापनाचा. पॅरिसच्या शाळांसाठी बिने व सिमाँ यांनी १९०५ साली तयार केलेल्या कसोट्यांवरून डॉ. वि. वि. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी कसोट्या बसविल्या, आणि त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. मुंबईत टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र काढले. १९४१ साली चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्द येथे मतिमंद मुलांसाठी निवासगृह सुरू केले. १९४४ साली डॉ. होरमसजी वकील व त्यांच्या पत्नी तेहमिना यांनी आपल्या जय नावाच्या कन्येसाठी राहत्या घरीच एक लहानशी शाळा आरंभिली. तीच आज शिवडीची जय वकील संस्था होय. मोठमोठ्या योजना कागदावर असताना काम सुरू झाले ते एका मुलीच्या आईबापांच्या घरात, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा प्रवाह व्यायामाच्या चळवळीचा. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, कांदिवलीची शारीरिक शिक्षणाची सरकारी संस्था १९३८ ची. हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या यांचे नियम याच चळवळीत बांधले गेले आणि अंगणातील खेळ मैदानावर आले. हे कार्य थोर होते यात शंका नाही. पण नियम छापले गेले तेव्हा कच्चा लिंबू त्यांतून गळाला. राष्ट्रासाठी बलवान शरीरे घडविण्याचा ज्यांचा संकल्प, त्यांच्या मनात दुर्बळाचा विचार येणे कठीण होते. बुद्धी मोजणाऱ्यांना खेळाचे भान नव्हते आणि खेळ शिकविणाऱ्यांना या मुलांचे; दोन्ही प्रवाह बराच काळ एकमेकांस न मिळता वाहिले.

बलाच्या उपासनेला तारतम्य सुटले म्हणजे काय होते, हे त्याच वेळी बर्लिन येथे दिसत होते. १९३६ च्या ऑलिंपिकच्या प्रसंगी अमरावतीच्या मंडळाचे पथक तेथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले, याचा मराठी माणसाला अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या राजवटीने ते विशाल क्रीडागार उभारले, तिने १९३३ मध्येच सक्तीने निर्बीज करण्याचा कायदा केला होता. आणि त्या कायद्यातील दोषांच्या यादीत पहिले नाव जन्मजात मतिमांद्याचे होते. १९३९ पासून त्याच शहरातील एका कचेरीतून मनोरुग्ण व मतिमंद माणसांना ठार मारण्याची योजना चालविली गेली, आणि दोन वर्षांत सुमारे सत्तर हजार जीव विषारी धुराने घेतले गेले. ओट्यावर जागा देणारी आमची वाडी किती सुसंस्कृत होती, हे या आकड्याशेजारी ठेवून पाहिले म्हणजे समजते. आणि केवळ दयेवर उभे असलेले स्थान किती तकलादू असते, तेही समजते.

या अंधारातून पुढे आलेली वाट खेळातून निघाली. मतिमंद मुले लवकर थकतात, त्यांचा तोल जातो, त्यांचे अंग सुटते, हे सर्वांना दिसत होते आणि तो त्यांच्या बुद्धीच्या न्यूनतेचाच भाग आहे असे वैद्यही मानीत. १९६० नंतर टोरांटो येथील फ्रँक हेडन या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकाने हा समज तपासून पाहिला. त्याचा निष्कर्ष असा निघाला की, या दुर्बलतेचे कारण मुख्यतः बसून राहणे हे होते; ज्या मुलांना व्यायाम दिला त्यांची ताकद वाढली. म्हणजे ज्याला आपण कारण समजत होतो तो परिणाम होता. तो दुर्बळ म्हणून ओट्यावर बसला नव्हता; ओट्यावर बसविल्यामुळे दुर्बळ झाला होता. गेल्या शतकात या विषयात लागलेल्या शोधांपैकी इतका साधा आणि इतका लाजविणारा शोध दुसरा नसेल.

याच सुमारास अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर या बाईंनी १९६२ साली मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरविले. त्यांची वडील बहीण रोझमेरी मतिमंद होती, आणि तिच्यावर झालेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेने ती अधिकच पंगू झाली होती. शिबिरात मुलांबरोबर शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी सोबतीस ठेवले होते. पोहणे, चेंडू, घोडा हे सर्व मुलांना शिकविले गेले. पुढे शिकागो येथे २० जुलै १९६८ रोजी अमेरिका व कॅनडातील सुमारे हजार खेळाडूंचे सामने झाले, आणि 'स्पेशल ऑलिंपिक्स' या चळवळीचा जन्म झाला. भारतात तिची आजची संस्था, स्पेशल ऑलिंपिक्स भारत, २००१ साली नोंदविली गेली.

या चळवळीतील आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिचे सोहळे ही नसून तिची एक नियमावली आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. स्पर्धेपूर्वी प्रत्येक खेळाडूची प्राथमिक चाचणी होते. नंतर वय, स्त्री-पुरुष भेद आणि चाचणीत दिसलेली कुवत यांवरून तीन ते आठ जणांचे गट पाडतात, आणि एका गटातील सर्वांत चांगल्या व सर्वांत सामान्य कामगिरीत साधारण पंधरा टक्क्यांहून अधिक अंतर नसावे असा दंडक ठेवतात. शंभर मीटर अंतर पंधरा सेकंदांत तोडणारा आपल्यासारख्यांशी धावतो, आणि चाळीस सेकंद घेणारा आपल्यासारख्यांशी. दोघांच्याही शर्यती चुरशीच्या होतात; दोघेही जिंकू शकतात आणि दोघेही हरू शकतात. कोणी सोप्या गटात जाण्यासाठी चाचणीत मुद्दाम सावकाश धावला आणि अंतिम शर्यतीत त्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढला, तर त्याला बाद ठरविण्यात येते. पहिल्या तिघांना पदके मिळतात. चौथ्यापासून आठव्यापर्यंत फीत.

वाचकांच्या ध्यानात येईल की, कच्च्या लिंबाला आपण जे कधीच दिले नव्हते तेच या नियमाने दिले. त्याच्यावर लबाडीचा आळ येऊ शकतो, म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणाला किंमत आली. तो चौथा येऊ शकतो, म्हणजे त्याच्या पहिला येण्याला अर्थ आला. 'या लोकांत सर्वांनाच बक्षीस' अशी जी थट्टा कधी कधी ऐकू येते ती अज्ञानाची आहे. सर्वांनाच सारखे बक्षीस देणे ही वाडीची जुनी रीत. ही नवी रीत तिच्या उलट आहे.

याविरुद्ध एक आक्षेप असा घेतला जातो की, ही वेगळी शर्यत म्हणजे आणखी एक जमातवार जिमखाना नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. निराळे मैदान ही वाटेवरची एक पायरी असू शकते. मुक्कामाचे ठिकाण नव्हे. म्हणूनच या चळवळीने पुढे संयुक्त संघांची पद्धत काढली, तीत बौद्धिक दिव्यांग व इतर खेळाडू साधारण सारख्या संख्येने एकाच संघातून खेळतात. पण वेगळेपणा मोडणे सोपे नसते, आणि मोडताना फसवणूक झाली तर शिक्षा कोणास होते, हेही जगाने पाहिले आहे. सिडनी येथील २००० च्या पॅरालिंपिकमध्ये बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या स्पेनच्या संघातील बारांपैकी दहा खेळाडू मुळीच दिव्यांग नव्हते असे उघडकीस आले. त्यांची पदके परत घेण्यात आली. परंतु त्यापाठोपाठ सर्वच बौद्धिक दिव्यांगांना पॅरालिंपिकचे दार बंद झाले, ते २०१२ साली लंडन येथे, आणि तेही मोजक्या खेळांपुरते, उघडले. अपराध धडधाकटांनी केला आणि बारा वर्षे मैदानाबाहेर उभे राहिले ते खरे कच्चे लिंबू.

जून २०२३ मध्ये स्पेशल ऑलिंपिक्सचे जागतिक सामने बर्लिन येथे भरले, आणि त्यांचा उद्घाटनसमारंभ १९३६ च्या त्याच क्रीडागारात झाला. भारताच्या पथकाने त्या सामन्यांत २०२ पदके मिळविली. ज्या वास्तूच्या उभारणीच्या काळी अशा माणसांचा वंश खुंटविण्याचा कायदा अमलात होता, त्या वास्तूत त्यांनी आपापल्या देशाचे निशाण घेऊन पाऊल टाकले, याहून अधिक भाष्याची आवश्यकता नाही.

परंतु बर्लिनला जाणारे थोडे. ठाकूरद्वारला राहणारे पुष्कळ. २०११ च्या जनगणनेत भारतातील अशा व्यक्तींची संख्या पंधरा लाखांहून अधिक भरली. त्यांतील बहुसंख्यांना पदक नको आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी जाण्यास जागा आणि खेळण्यास सोबती हवे आहेत. शाळा असते तोवर हे कसेबसे जमते. अठरा वर्षांनंतर शाळा सुटते, आणि मग घराची खोली, दूरदर्शनचा पडदा व म्हातारे होत चाललेले आईबाप एवढेच जग उरते. जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' नाटकाने हे घर मराठी रंगभूमीवर आणले, आणि २०१७ साली 'कच्चा लिंबू' याच नावाच्या मराठी चित्रपटानेही ते दाखविले. 'आमच्यामागे याचे कसे?' हा त्या घरातील प्रश्न पैशांचा आहे हे खरे. पण याला नावाने ओळखणारे कोणी उरेल काय, असाही त्याचा अर्थ आहे. पूर्वी त्या प्रश्नाला वाडी उत्तर देत असे. आता वाड्या पडत आहेत. भुयारी मेट्रोच्या गिरगाव व काळबादेवी स्थानकांसाठी कित्येक जुन्या इमारती गेल्या; उरलेल्या जागी मनोरे उठत आहेत. मनोऱ्यांत व्यायामशाळा असते, पण ओटा नसतो.

कायदा आता त्याच्या बाजूस आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे २९ वे कलम सांस्कृतिक जीवन व करमणूक यांविषयी आणि ३० वे कलम क्रीडेविषयी आहे. त्यांत सोयींची फेररचना, निधी आणि स्वतंत्र सामने यांची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. पण कायदा मैदान देऊ शकतो, भिडू देऊ शकत नाही. भिडू पुरविण्याचे काम शेजाराचे आहे; आणि त्यासाठी लागणारी विद्या फार मोठी नाही. वार आणि वेळ बदलू नये. शिकविणारा माणूस वारंवार बदलू नये. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती बोलून न थांबता करून दाखवावी. नियम थोडे असावेत, पण जे असतील ते सर्वांना सारखे लागू करावेत. डाउन्स सिंड्रोम असलेल्या काही जणांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, म्हणून कोलांटी, मल्लखांब किंवा पाण्यात सूर मारणे यांपूर्वी वैद्यास दाखवून घ्यावे. चळवळीने १९९७ पासून सामन्यांच्या जागी डोळे, कान व दात तपासण्याची प्रथा घातली आहे. ती आपल्याकडेही उचलण्याजोगी आहे. कारण ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही त्याचे अधू डोळे 'मंदपणा' म्हणून खपून गेल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

आणि हे सर्व करण्यास गिरगावात नवी संस्था काढावयास नको. गणेशोत्सवाची मंडळे आहेत. दरवर्षी त्यांच्या क्रीडास्पर्धा होतात, कॅरम होतो, लंगडी होते. चर्नी रोडशेजारी बालभवन आहे. समुद्राकाठची मैदाने आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी ती अर्जांवर अर्ज करून मिळविली, त्यांना मैदानाबाहेर उभे राहण्याचे दुःख वारशानेच माहीत असावयास पाहिजे. मंडळाच्या कॅरमच्या स्पर्धेत दोन गट अधिक पाडणे, वाडीच्या शर्यतींत चाचणी घेऊन जोड्या लावणे, यास खर्च तो किती? एक गोष्ट मात्र टाळली पाहिजे. बक्षीस समारंभाच्या दिवशी त्यांना व्यासपीठावर बोलावून एक नारळ आणि टाळ्या द्यावयाच्या, आणि वर्षभर विसरून जावयाचे, ही जुन्या कच्च्या लिंबाचीच नवी आवृत्ती होय.

आमच्या मुलांच्या भाषेत एक मोठी मार्मिक गोष्ट दडलेली आहे. ज्याला डोळे मिटून उभे राहावे लागते, सर्वांच्या मागे धावावे लागते, ज्याची सर्व जण थट्टा करतात, त्याच्या त्या कष्टाला ती भाषा 'राज्य' म्हणते. राज्य कोणालाच नको असते, आणि तरीही ते ज्याच्यावर कधीच येत नाही तो खेळाचा नागरिक नसतो. वाडीने त्याला अंगण दिले, आईबापांनी शाळा दिली, कायद्याने हक्क दिला. त्याच्यावर राज्य देणे तेवढे बाकी आहे; आणि ते काम सरकारचे नसून त्याच्याबरोबर खेळणाऱ्यांचे आहे.